पोपटबाईची मान

पोपटबाईला खरं नाव आहे बरं का, नाही असं नाही. पण ते पगाराच्या कागदावर असतं आणि कधीमधी नवऱ्याच्या तोंडात, तेही तो चिडला तरच. हॉस्पिटलात मात्र दारावरच्या माणसापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे तिला पोपटबाईच म्हणतात. काम तसंच आहे ना तिचं! अर्धांगाच्या झटक्यात ज्यांची वाचा गेली, त्या भल्या भल्या माणसांना समोर बसवायचं, चित्र दाखवायचं आणि बोलतं करायचं. म्हणा, दार. म्हणा, पेला. म्हणा, खुर्ची. उभा जन्म दुसऱ्यांवर डाफरण्यात घालवलेले मिशीवाले तिच्यासमोर पहिलीतल्या पोरासारखे घाम पुसत बसायचे. एक रिटायर झालेले जज्ज होते, त्यांनी 'मांजर' म्हणायला अख्खी सकाळ घेतली आणि म्हणून झाल्यावर टेबलावर डोकं ठेवून रडले. मांजराला तेवढा मान आजवर कुणी दिला नसेल.

तिची खोली लांबलचक पॅसेजच्या टोकाला, चादरींच्या कपाटांच्या पलीकडं. खिडकीतून कपडे धुण्याच्या खोलीचे पाइप दिसायचे, दुसरं काही नाही. एक टेबल, दोन खुर्च्या, चित्रांच्या पत्त्यांचा डबा आणि भिंतीवर एक आरसा. आरसा नटायला नव्हे हो! ओठ कसे हलतात ते पेशंटला दिसावं म्हणून.

पण या सगळ्यापेक्षा मोठं हत्यार म्हणजे तिची मान. शब्द पुरा, स्वच्छ, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत आला की पोपटबाई एकदाच, सावकाश मान खाली घ्यायची. शाबास नाही, टाळ्या नाहीत, नुसती मान. आणि अर्ध्या शब्दाला अर्धी मान असला प्रकार नाही. तिला हे काम शिकवणाऱ्या बाईंनी सांगून ठेवलं होतं, अर्ध्यावर मान हलवलीस की माणूस अर्ध्यावरच घर बांधून राहतो. त्या एका मानेसाठी पेशंट जिवाचं रान करायचे.

"बाईंची मान सोन्याची आहे," वॉर्डातली आया म्हणायची. "झिजेल म्हणून जपून वापरतात." या आयाच्या जिभेला हाड नव्हतं आणि हाताला आराम नव्हता. पेशंटची कूस बदलता बदलता ती सगळ्या हॉस्पिटलची कूस बदलायची.

आता पोपटबाईचं बोलणं. काय स्वच्छ बोलणं ते! एकेक अक्षर धुऊन, पिळून, दोरीवर वाळत घातल्यासारखं. कुठला कार्यक्रम असो, माइकपुढं तीच. आणि त्याच बाईचा दुसरा एक गुण होता, तो चहाच्या वेळी बाहेर पडायचा. ती वरच्या गावांच्या लोकांची नक्कल करायची.

वरची गावं म्हणजे शहराच्या डोक्यावर डोंगराला चिकटलेली ती. तिथली बोली अशी, की शब्द जरा लांब असला तर त्याचं पहिलं अक्षर गिळायचं आणि शेवटचं लांबवायचं. लहान शब्दाला गिळत नाहीत, नुसतं ताणतात. चमचा म्हणजे ’मचाऽ. कपाट म्हणजे ’पाटऽ. खिडकी म्हणजे ’डकीऽ. पाहुण्याला दारात या म्हणायचं नाही आणि जाताना मात्र तासभर सोडायचं नाही, तसली तऱ्हा. शहरातल्या लोकांना हे ऐकलं की हसू आवरत नाही. पोपटबाई एक भुवई वर करायची, हात कमरेवर ठेवायची आणि "अहो, ती ’डकीऽ जरा लावाऽ" म्हणायची. मोठ्या डॉक्टरांच्या नाकातून चहा यायचा.

"कुठून शिकलात हो हे?" ते डोळे पुसत विचारायचे.

"कान उघडे ठेवते," ती म्हणायची.

कान उघडे! खोटं नव्हतं ते. फक्त ते कान कुठं उघडले हे तिनं कधी सांगितलं नाही. पोपटबाई जन्मानं वरच्या गावची. चांगली नऊ-दहा वर्षांची होईपर्यंत ती चमच्याला ’मचाऽच म्हणत होती. मग शाळेसाठी शहरात मावशीकडं आली, आणि पहिल्याच दिवशी वर्गात उभं राहून खिडकी लावू का असं विचारलं. झालं! त्या दिवसापासून मुली तिला बघून खिडक्या लावायला लागल्या.

मावशी वाईट नव्हती. वाईट असती तर बरं झालं असतं, तिच्यावर सगळं ढकलता आलं असतं. मावशी म्हणाली, "रडू नकोस. दोन महिन्यांत तुझी जीभ सरळ करते." तिची युक्ती साधी होती. पोरीला काही हवं असेल तर ते टेबलाच्या पलीकडं धरून ठेवायचं आणि शब्द नीट आला की द्यायचं. चमच्याचा च आला की चमचा. तोवर समोरचं गार होत राहायचं. आणि शब्द आला की मावशी कशी मान हलवायची माहितीये? एकदाच. सावकाश.

घरी पोरीचं लाडाचं नाव चिमणी. आई ते ’मणीऽ म्हणायची, हाकेला ’मणेऽ. शहरात आल्यावर वर्षभरानं आई भेटायला आली ती थेट शाळेच्या फाटकाशी. उन्हात उभी राहून तिनं हाक मारली, "’मणेऽऽ!" पोरगी मैत्रिणींबरोबर बाहेर पडत होती. तिनं मागं वळून बघितलं, जणू ती हाक दुसऱ्याच कुणाला आहे.

त्या संध्याकाळी मावशीकडं सगळे जेवायला बसले. आई म्हणाली, "’मचाऽ दे गं."

पोरीनं चमचा उचलला आणि मागं धरला. "आधी नीट म्हण. मग देते."

मावशी फिसकन हसली. आई पण हसली. तिला वाटलं, लेक लाडात आली. पण लेक चमचा काही देईना. मग आईनं जरा वेळ ताटाकडं बघितलं आणि म्हणाली, "च...मचा." पोरीनं मान हलवली, एकदाच, मावशीसारखी. आणि चमचा दिला.

त्यानंतर आई बोलली, नाही असं नाही. पण लेकीशी बोलताना शब्द निवडायला लागली. जिथं चुकायला जागाच नाही असे. हो. बरं. ये. जा. पुढं फोन आले तेव्हाही तेवढेच. आई गेली तेव्हा पोपटबाईला तिचं शेवटचं मोठं वाक्य आठवेना. चिमणीचा पोपट झाला, सगळं मनासारखं झालं, आणि माहेरी सांगायला कुणी उरलं नाही.

असो. तर कुलूपवाले बाबा तिच्याकडं आले तेव्हा हे सगळं फार जुनं झालं होतं आणि ती पन्नाशीला टेकली होती.

बाबांचं एका शाळेजवळच्या कोपऱ्यावर जिन्याखाली दुकान होतं. कुलपं दुरुस्त करायची, किल्ल्या घासून द्यायच्या. दुकानामागं एक खोली, तिथं ते एकटे राहायचे. बायको बऱ्याच वर्षांपूर्वी गेलेली. एक दिवस कानस हातातून पडली ती त्यांना उचलता येईना आणि उचलून दे असं सांगताही येईना. उजवा हात हळूहळू बराच वळायला लागला होता. प्रश्न होता तो वाचेचा.

वॉर्डातून लेक घेऊन आली होती त्यांना. गोरीमोरी झालेली, सासरच्या खोल्या दोन आणि माणसं सात असलेली बाई. ती पोपटबाईला बाहेर घेऊन गेली आणि म्हणाली, "बाई, बोलायला लागले तर त्यांना त्यांच्या खोलीत परत ठेवता येईल. ते तेच म्हणताहेत, खुणेनं. दुकानाकडं बोट दाखवतात. पण बोलता येत नसलं तर एकटं कसं ठेवू? पडले तर हाक कशी मारतील? मोठे डॉक्टर म्हणाले, बोलणं आलं तर घर, नाहीतर शहराबाहेरच्या वृद्धाश्रमात नाव घाला."

"बघू," पोपटबाई म्हणाली.

"तिथं नका पाठवू हो त्यांना. मरतील ते." मग एकदम ओशाळून, "तुमच्या हातात थोडंच आहे म्हणा."

हातात नव्हतं. मानेत होतं.

पोपटबाईनं बाबांना आरशासमोर बसवलं. त्यांना बरं वाटावं म्हणून पत्त्यांतून मुद्दाम कुलपाचं चित्र काढलं. बाबांनी चित्र बघितलं, ओठ ओले केले, आणि मोठ्या कष्टानं, पण अगदी स्पष्ट म्हणाले, "’लूपऽ."

चाळीस वर्षांत त्या सुरातलं बोलणं पोपटबाईनं दुसऱ्याच्या तोंडून असं जवळून ऐकलं नव्हतं. कुणी नक्कल करत होतं तेव्हा ऐकलं होतं, आणि नक्कल करणारी बहुतेक तीच. हे तसं नव्हतं. शेवटचं अक्षर सावकाश खाली येत होतं, कडेवरचं मूल अलगद जमिनीवर ठेवावं तसं.

आणि नेमकी गोम इथंच आहे बघा. झटका आलेल्या माणसाचंही तेच होतं. त्याला शब्दाची सुरुवात सापडत नाही, पहिलं अक्षर पडतं आणि शेवट ओढला जातो. म्हणजे बाबांचं ’लूपऽ हे आजारी माणसाचं अर्धं कुलूप होतं की वरच्या गावच्या माणसाचं अख्खं, हे कळायला तिकडचाच कान हवा. तो कान खोलीत होता. आरशात दिसत होता.

"पुन्हा," पोपटबाई म्हणाली. "कु."

"’लूपऽ." बाबांनी तिच्याकडं बघितलं. मानेकडं.

"पुन्हा. माझ्या ओठांकडं बघा. कु."

पहिल्या दिवशी बाबा पुष्कळ बोलले. ’पाटऽ, ’डकीऽ, ’मचाऽ. दर शब्दानंतर ते वर बघायचे, आणि मान जागची हलायची नाही. शेवटी ते स्वतःच्याच ओठांवर बोटं ठेवून आरशात बघत बसले, बिघाड कुठं आहे ते शोधल्यासारखे. कुलपाची खोड बघायचे तसे.

लेकीनं दुसऱ्या आठवड्यात मोठ्या डॉक्टरांना विचारलं. पोपटबाई तिथंच होती. "डॉक्टर, बाबा आधीपण जरा असंच बोलायचे. ते वरच्या गावचे ना. शाळेची पोरं दुकानावरून जाता-येता ’लूपऽ ’लूपऽ करून चिडवायची. आधी बाबा हसायचे. मग हसणं सोडलं. मग बोलणंच कमी केलं. माझ्याशीसुद्धा फार नाही बोलायचे. त्यामुळं मलाही नक्की सांगता येत नाही."

मोठे डॉक्टर भला माणूस. ते म्हणाले, "नातेवाईकांना नेहमीच वाटतं हो, आधीपण असंच होतं. पण शक्यता आहे. काय पोपटबाई, तुम्हाला काय वाटतं?"

"अजून सुरुवात येत नाही," ती म्हणाली.

"आपल्यात तिकडचं कुणी आहे का? म्हणजे विचारता येईल."

नर्सनं दुसऱ्या नर्सकडं बघितलं. आयानं खांदे उडवले. पोपटबाईनं पत्त्यांचा डबा उघडला, पत्ते सारखे केले, पुन्हा बंद केला. आता एक शब्द बोलली असती तर काय आभाळ कोसळणार होतं? काही नाही. कुणी तरी म्हणालं असतं, अय्या, खरंच? आणि मग चहाच्या वेळच्या त्या सगळ्या नकला एकदम तिच्या अंगावर आल्या असत्या. तीस वर्षं ती स्वतःच्या आईची नक्कल करून लोकांना हसवत होती, हे सगळ्यांच्या आधी तिलाच ऐकावं लागलं असतं. तिनं अळीमिळी गुपचिळी केली.

"म्हणजे कुणी नाही," डॉक्टर म्हणाले. "चालू ठेवा."

चालू राहिलं. आणि दर आठवड्याला बाबांचे शब्द कमी होत गेले. आधी पत्ता दिसला की बोलायचे. मग पत्ता बघून तिच्याकडं बघायचे, आणि तोंड उघडायच्या आतच मिटायचे. माणसाला दहा वेळा चूक म्हटलं की अकराव्या वेळी तो स्वतःच स्वतःला चूक म्हणतो. दुसऱ्याची गरज राहत नाही.

आयानं एक दिवस पोपटबाईला पॅसेजमध्ये गाठलं. हातात चादरींचा गठ्ठा. "बाई, तुमच्या खोलीत काय करता हो त्या बाबांना?"

"का? काय झालं?"

"आल्या आल्या माझ्याशी गप्पा मारायचे, तुटक तुटक का होईना. वरचं बोलायचे, पण अर्थ लागायचा की! माझ्या नाकाला नाव ठेवलं होतं त्यांनी. मला म्हणाले, तुझं नाक म्हणजे दाराची कडी. आता विचारलं तर हूं नाही की चूं नाही. तुमच्याकडं येऊन माणूस बोलायला लागतो म्हणे. हे तर मुके होऊन निघाले."

"आजारात असं मागंपुढं होतं," पोपटबाई म्हणाली.

"होत असेल. मी काय, चादरी बदलणारी." आया गठ्ठा सावरत गेली. वळणावर जाऊन पुन्हा म्हणाली, "पण नाकाला नाव ठेवणारा माणूस मुका नसतो, बाई."

त्या दिवशी पोपटबाई जेवली नाही. डबा उघडला आणि चमच्याकडं बघत बसली. निर्णय उद्या व्हायचा होता. मोठे डॉक्टर येणार, लेक येणार, बाबांना पत्ते दाखवणार. बाबा बोलले तर जिन्याखालचं दुकान. नाही बोलले तर आश्रम. तिनं मनाशी ठरवलं, आज दार लावून घ्यायचं आणि बाबांशी त्यांच्या बोलीत बोलायचं. कळू दे त्यांना की त्यांचं बरोबर आहे. मग उद्या ते बोलतील, आणि ती मान हलवेल. डॉक्टरांना काय सांगायचं ते नंतर बघू.

दुपारी बाबा आले. बसले. ती समोर बसली नाही, शेजारी बसली. कुलपाचा पत्ता काढून त्यांच्या गुडघ्यावर ठेवला. किती तरी वर्षांनी ती आपली बोली मनापासून बोलणार होती.

"बाबाऽ," ती म्हणाली. "’लूपऽ. हो नाऽ? ’लूपऽ."

आणि म्हणता म्हणता तिची नजर समोरच्या आरशात गेली. तिची एक भुवई वर चढली होती. हात कमरेवर होता. तिनं ठेवला नव्हता, तो आपोआप गेला होता. सूर तोच, चहाच्या वेळचा, शेवटी हसू मागणारा. तीस वर्षं ती बोली तिच्या तोंडून फक्त तशीच बाहेर पडली होती. दुसरा रस्ताच शिल्लक नव्हता.

बाबांनीही आरशात बघितलं.

त्यांच्या तोंडावर राग आला असता तर बरं. राग नाही आला. ओळख पटली. शाळा सुटल्यावर दुकानासमोरून जाणाऱ्या पोरांकडं ते ज्या नजरेनं बघायचे, त्याच नजरेनं त्यांनी तिच्याकडं बघितलं. अच्छा, म्हणजे तूसुद्धा. त्यांनी गुडघ्यावरचा पत्ता उचलला, वळणाऱ्या हातानं हळूच उलटा केला आणि टेबलावर ठेवला.

"नाही नाही, बाबा," पोपटबाई घाबरून म्हणाली, "चिडवत नाहीये मी. मी तिकडचीच आहे. वरच्या गावची. माझी आई असंच बोलायची."

हे सगळं ती धुतलेल्या, पिळलेल्या, वाळवलेल्या शहरी भाषेत म्हणाली. कोण विश्वास ठेवणार हो? पोस्टाचा शिक्का नसलेलं पाकीट दाखवून हे माझ्या गावाहून आलंय म्हणायचं, तशातली गत. बाबांनी मान फिरवून पाइपांकडं बघितलं. तास संपेपर्यंत पाइपांकडंच.

दुसऱ्या दिवशी खोलीत खुर्च्या कमी पडल्या. मोठे डॉक्टर, लेक, नर्स. आया काही काम नसताना दारात. डॉक्टरांनी पत्ते फिरवले. खिडकी. कपाट. पेला. बाबा गप्प. लेकीनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला, "बाबा, बोला ना. घरी जायचंय ना?" बाबांनी दाराकडं बोट दाखवलं. शब्द नाही.

डॉक्टरांनी सुस्कारा सोडला आणि पेनाचं टोपण काढलं. तेव्हा पोपटबाई उठली.

"डॉक्टर, त्यांना बोलता येतं. पहिल्या दिवसापासून येतं. तिकडं असंच म्हणतात. ’लूपऽ म्हणजे अख्खा शब्द आहे. मला माहीत आहे. मी वरच्या गावची आहे."

डॉक्टरांना हसू फुटलं. "काय पोपटबाई! ही वेळ आहे का नकलेची?" नर्स पण हसली, आणि मग पोपटबाईचं तोंड बघून दोघंही थांबले.

"खरंच?" डॉक्टर म्हणाले.

"खरंच."

"मग मी त्या दिवशी विचारलं तेव्हा..."

लेक पोपटबाईकडं टक लावून बघत होती. त्या नजरेत अजून शिवी नव्हती, नुसतं मोजमाप चाललं होतं, की ही बाई किती दिवस गप्प होती.

"बरं," डॉक्टर म्हणाले. शहाणा माणूस, वाद वाढवला नाही. "तुम्ही तिकडच्या आहात ना, मग तुम्हीच विचारा. त्यांना त्यांच्या पद्धतीनं म्हणू दे. मला चालेल."

पोपटबाईनं पत्ता उचलला. कुलपाचा. ती बाबांसमोर वाकली, काही म्हणाली नाही, म्हणायची छातीच झाली नाही. नुसता पत्ता धरला. म्हणा, बाबा. तुमचं म्हणा. मी मान हलवते. एवढंच डोळ्यांनी.

बाबांनी पत्ता बघितला. तिला बघितलं. मग खालचा ओठ पुढं काढून, आरशात न बघता, एकेक अक्षर वेगळं करून म्हणाले,

"कु. लूप."

स्वच्छ. शेवट आखूड. शहरातला.

असं कुणी तरी पूर्वी तिला म्हणून दाखवलं होतं. ताटाकडं बघून, एका चमच्यासाठी. पोपटबाईची मान खाली गेली. एकदाच, सावकाश. तिनं हलवली नाही हो ती. इतक्या वर्षांची सवय, गेली आपली. बाबा तोवर पाइपांकडं वळले होते.

"वा!" डॉक्टर खुर्चीतून पुढं सरकले. "कु आला! ऐकलंत? म्हणजे सुरुवात येऊ शकते. पोपटबाई, म्हणजे ही बोलीची गोष्ट नव्हे, आजारच होता, आणि तो तुम्ही हटवताय. उगीच स्वतःला दोष देऊ नका." मग लेकीकडं वळून, "पण आज एकच शब्द आहे. एका शब्दावर एकटं ठेवता येणार नाही. काही महिने आश्रमात राहू दे, तिथं सराव होईल. मग बघू."

लेकीनं बाबांच्या पायांत चपला घातल्या, डावी-उजवी नीट बघून. जाताना दाराशी थांबली आणि पोपटबाईला म्हणाली, "तुम्ही पहिल्याच दिवशी ओळखलं होतं ना?"

"हो."

"बरं," लेक म्हणाली. शिव्या दिल्या असत्या तर पोपटबाईनं आनंदानं खाल्ल्या असत्या.

काही महिने म्हणता म्हणता वर्ष झालं. जिन्याखाली आता फोनची कव्हरं विकणारा बसतो. चहाच्या वेळी नक्कल मागायचं लोकांनी सोडून दिलं. पोपटबाई मान अजून हलवते, पण पेशंट म्हणतात, पूर्वीसारखी नाही, घाईघाईत हलते, अर्ध्या शब्दालाही.

दर रविवारी ती आश्रमात जाते. शेवटच्या थांब्यावर उतरून बरंच चालावं लागतं. बाबांच्या शेजारच्या खाटेवर एक ठार बहिरे आजोबा आहेत, पूर्वी कुठं तरी बॉयलर सांभाळायचे. पोपटबाई खोलीत गेली की बाबा तिला बघतात आणि स्वतःहून सुरू करतात. खि-डकी. क-पाट. च-मचा. सगळे शब्द पाठ झाले आहेत त्यांचे, एकही अक्षर गिळलेलं नाही. म्हणून झाले की तोंड मिटतात आणि ती उठायची वाट बघतात. ती मान हलवते. दुसरं काय करणार?

पण ती खोलीत जायच्या आधीचं तुम्हाला सांगते. लांब पॅसेज आहे तिथंही. पॅसेजच्या टोकाशी आलं की बाबांचा आवाज येतो. बहिऱ्या आजोबांशी बोलत असतात ते, वरच्या बोलीत, सकाळपासून, न थांबता. कुठल्या कुलपाची काय खोड होती, बायको कशी भांडायची, आयाचं नाक कसं दाराच्या कडीऽसारखं होतं. आजोबांना एक अक्षर ऐकू येत नाही. पण भला माणूस, दर वाक्याला मान हलवतात. मोठी, जोरदार, पुन्हा पुन्हा.

तिची चाहूल लागली की ते बोलणं तुटतं. म्हणून पोपटबाई पॅसेजच्या तोंडाशीच चपला काढते, हातात घेते, आणि भिंतीला धरून अनवाणी पुढं सरकते. दारापाशी पोचते आणि तिथंच उभी राहते. कुणी नर्स आली तर ओठांवर बोट ठेवते. परवा नर्सनं विचारलं, "आत जायचं नाही का, बाई?"

"जाते," पोपटबाई कुजबुजली. "जरा थांब. आई बोलतीये."